यादवासाठी मोटर

"आधी विमान काट्यावर ठेवा, मग मोटरचं बोला."

कारभारी हे इतक्यांदा बोलायचे, की पेठ रोडवरच्या त्यांच्या दुकानासमोरचा चहावालासुद्धा आलेल्या माणसाला ते ऐकवून मोकळा व्हायचा. दुकान विहिरीच्या मोटरी भरण्याचं. जळालेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची भरायची, वार्निश लावून उन्हात ठेवायची. शेजारच्या ओट्यावर त्यांची बायको कुसाबाई झेंडू-शेवंती विकायची. विमान तोलायचं ते तिच्याच काट्यावर, फुलांची पाटी बाजूला सारून. एकदा एका कॉलेजच्या पोराचं विमान तोलताना ती म्हणाली होती, "पावणेदोन किलो भरलं. हार करायचा का सुट्टंच देऊ?" पोरगं लाजलं, कारभारी पोट धरून हसले.

ही विमानं हौसेची, हातभर लांबीची, तारेवर उडणारी. विमानाच्या पंखातून साठ फुटी दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि माणसाच्या हातातल्या मुठीला येऊन मिळतात. माणूस मैदानाच्या मध्यावर उभा राहून स्वतःभोवती फिरतो, विमान त्याच्याभोवती फिरतं. मूठ वर कलली की चढतं, खाली कलली की उतरतं.

कारभारींना यातलं सगळं यायचं, फक्त उडवता येत नसे. तीन फेऱ्यांत भोवळ यायची. उडवायचा तो यादव. सातपूरला एका ओतकामाच्या कारखान्यात कामाला असलेला, उंच, तोंडाचा फटकळ. एक्याण्णव सालापासून दर रविवारी मखमलाबादच्या पडीक रानात तिघं जायची. कारभारी इंजिन लावायचे, कुसाबाई विमान मागून धरून ठेवायची, यादवानं मान हलवली की सोडायची. विमान आभाळात उलटं होऊन सुलटं झालं, की यादव मधूनच ओरडायचा, "कारभारी, डोळे मिटले का?" आणि खरंच मिटलेले असायचे. इथं बांधावर बसल्या-बसल्या.

पंधरा वर्षं असं चाललं. मग कारखान्यातल्या साच्यांच्या वाळूची धूळ यादवाच्या फुफ्फुसात बसली. डॉक्टरनं सांगितलं, धूर अजिबात नको. आणि त्या इंजिनांचा धूर म्हणजे जळक्या एरंडेलाचा, घशात चिकटणारा. विमान दुकानाच्या आढ्याला टांगलं गेलं. वर्षभर तिथंच राहिलं.

दोन हजार सातच्या सुमारास बॅटरीच्या मोटरी यायला लागल्या. कवड्यांएवढ्या लहान, बाहेरचं कवचच गरागरा फिरणाऱ्या. ना धूर, ना वास. शहरातले हौशी लोक कारभारींकडं विचारायला यायचे, कारण मोटर म्हटली की त्यांना हाच माणूस माहीत. कारभारी विमान तोलायचे, पंख्याची लांबी मोजायचे, किती मिनिटं उडवायचं ते विचारायचे आणि मग एकच मोटर सांगायचे. चुकत नसत.

यादवासाठी त्यांनी बंगळुरूहून दोन मागवल्या. एक लहान, एक मोठी. विमान तोललं, अकराशे ग्रॅम. लहान मोटर पुरत होती. कुसाबाईनं पाहिलं, त्यांनी लहान उचलली, तळहातावर धरली, परत ठेवली आणि मोठी उचलली.

"लहान बसंल म्हनाला ना तुमी?"

"यादवाला कमी पडाया नको."

"काटा काय म्हन्तो?"

"काट्याला काय कळतंय! आपन इहिरीवर तीन एचपीच्या जागी पाचची मोटर बसवतोच का नाय?"

ते खरंच होतं. खेड्यात लाईट कमी दाबानं येते, म्हणून विहिरीवर एक नंबर मोठीच मोटर बसवायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. पण बॅटरी म्हणजे खेड्यातली लाईट नव्हती. ती पूर्ण जोर देणार होती. हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या कुणी एवढी मोठी मागितली असती, तर त्यांनी त्याला शिव्या घातल्या असत्या.

रविवारी सकाळी यादवाला रिक्षातून आणलं. दोनदा थांबत तो मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेला. मूठ हातात आली तसा ताठ झाला. मुठीची सुरक्षेची दोरी त्यानं मनगटाला अडकवली. "वहिनी, धरा नीट. बारा महिन्यांचं उपाशी हाय ते."

मोटर सुरू झाली. कुसाबाईच्या हातात विमानानं असा हिसका दिला की तिचे पाय घसरले. इतक्या वर्षांत असं ओढलं नव्हतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. कारभारी हसत होते. यादवानं मान हलवली. तिनं सोडलं.

पहिली फेरी चांगली गेली. दुसऱ्या फेरीत तारा झणझणायला लागल्या. तिसरीत यादव दोन्ही हातांनी मूठ धरून मागं रेलला होता, तरी पाय मातीत घसटत पुढं चालले होते. चौथीत तो पडला. मनगटातल्या दोरीनं त्याला दोन हात फरपटत नेलं आणि विमान ढेकळांत जाऊन आदळलं.

खांदा निखळला होता. बांधाला टेकून श्वास गोळा करत यादव म्हणाला, "कारभारी, विमान हाय का बैल?" आणि हसायला गेला, तर खोकलाच आला. थांबेना. खोकला थोडा बसल्यावर म्हणाला, "म्होरल्या येळी बारकी लाव."

यादवाकडं न बघता कारभारी ढेकळांतून मोडक्या पंखाचे तुकडे वेचायला लागले.

त्यानंतर महिनाभर ते यादवाकडं गेले नाहीत. दोनदा यादवाच्या बायकोचा, छायाचा, फोन आला. "दादा, वाट बघत्यात." कारभारी म्हणायचे, "झालं की येतो." ते लहान मोटरीची मूळची भरलेली तार भिंगाखाली उपसत होते. जास्त वेढे घालून, ती सावकाश फिरावी म्हणून. मोडका पंख कुसाबाईनं खळ लावून सांधला.

मग ओढ जोखायला ते स्वतः मैदानाच्या मध्यावर उभे राहिले. तीन फेऱ्या आणि बांधावर जाऊन ओकारी. परत घरी, परत वेढे बदलायचे. असं पाच दिवस. सहाव्या दिवशी कुसाबाईनं विमान सोडलं, तेव्हा ते तिच्या हातातून पाखरासारखं अलगद गेलं. कारभारी मातीत बसले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "आता झेपंल त्याला."

त्याच दुपारी दोघं विमान घेऊन यादवाच्या घरी गेली. खाटेशेजारी ऑक्सिजनची टाकी उभी होती. यादव पाठीला तीन उशा लावून बसला होता. कारभारींनी मूठ त्याच्या हातात दिली. बोटं सुजली होती, मिटेनात. मूठ चादरीवर घसरली. कारभारींनी पुन्हा दिली, स्वतःच्या हातानं त्याची बोटं मिटवून धरली. हात काढला तशी बोटं उघडली.

यादवानं दुसऱ्या हातानं मोटरीचं कवच हळूच फिरवलं. "मस हलकं फिरतंय रं. कुनी भरली?"

"मीच."

"मंग बराबर हाय." श्वास घेऊन तो म्हणाला, "तू आला का नाय रं इतके दिस? मी काय इमानाची वाट बघत व्हतो व्हय?"

कारभारींनी मूठ विमानाशेजारी ठेवली. ते उठले. विमान खाटेवर तसंच राहिलं. छाया चहा घेऊन आली, तिच्या बाजूनं ते बाहेर पडले आणि घराचा रस्ता सोडून नदीच्या अंगाला चालायला लागले. कुसाबाई दारात आली. छाया चहाचा कप घेऊन तिच्या मागं उभी राहिली. गल्लीच्या वळणावर त्यांचा सदरा दिसेनासा होईपर्यंत दोघी बघत होत्या. आतून यादव विचारत होता, "गेला का गं?"