पंचामृत प्यालेलं इंजिन

त्या काळी मला कायम झोप येत असायची. पन्नास साल उलटून गेलं होतं, पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहत होते, आणि मी चिंचवडच्या एका लहानशा वर्कशॉपात फिटर होतो. दिवसभर लोखंड घासायचं आणि शिफ्ट सुटली की घरी जायचं सोडून एका म्हाताऱ्या इंजिनाशी झटायचं, हा उद्योग मी स्वतःच ओढवून घेतला होता.

इंजिन विमानाचं होतं. पहिल्या महायुद्धातल्या, एकावर एक पंख असलेल्या विमानाचं. सहा सिलिंडर ओळीने उभे, आणि प्रत्येकाभोवती पाणी खेळवायला पत्र्याचं आवरण. मालकांनी ते लिलावात भंगार म्हणून उचललं होतं. भट्टीत जायचं ते आमच्या मिस्त्रींनी हातापाया पडून वाचवलं. तरुणपणी, त्याच युद्धात, ते पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला गेले होते आणि तिथे असल्याच इंजिनांवर त्यांनी हात काळे केले होते. “आमच्या वाटचं पाणी हिला पाजायचो, राव. ही पाणी पियाची तवा इमान उडायचं,” हे मी हजारदा तरी ऐकलं असेल. त्यांचा एक कान गेला होता, दुसरा चालला होता. तो जायच्या आत एकदा हिचा आवाज ऐकायचा, एवढीच त्यांची इच्छा. मला नाही म्हणता आलं नाही. माझा भिडस्तपणाच मला नेहमी नडला आहे.

दीड वर्ष गेलं. रेडिएटर मिळाला नाही, म्हणून वर पाण्याचं पिंप बसवलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेवटचा नट आवळला आणि पिंप पाण्याने भरून ठेवलं. नवमीला हत्यारांची पूजा, त्या दिवशी पान्ह्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसरा. म्हणून एकादशीला इंजिन सुरू करायचं ठरलं.

एकादशीला मिस्त्री बायकोला, म्हणजे आमच्या मावशींना, घेऊन आले, नवं धोतर नेसून. मी पिंपाचं झाकण काढलं आणि आंबूस वास नाकात शिरला. इंजिनाची तोटी सोडली, तर पाण्याबरोबर दह्याच्या गुठळ्या.

“हे कुणी केलं?” मी ओरडलोच.

मावशी पदर सावरत म्हणाल्या, “म्या. नवमीला तांब्याभर पंचामृत वतलं. समद्या हत्यारांना निवद, आन् हिला नुसतं कुंकू? पाणी पिती म्हून ह्येच तर सांगत्यात.”

मी डोक्याला हात लावून खाली बसलो. रागवायलाही अंगात त्राण लागतं, ते नव्हतं. मिस्त्रींनी पान्हा माझ्या हातात दिला. मला फक्त म्हणाले, “खोला.”

धुऊन पाहिलं, पण अरुंद जागेतल्या गुठळ्या निघेनात. तसंच सुरू केलं असतं तर पाणी खेळलं नसतं आणि तापून सिलिंडर तडकले असते. पुन्हा सहाही उतरवले, सोड्याच्या पाण्याने उकळून काढले. उतरवताना सांध्यांतली पॅकिंग फाटली. नवी हाताने कापत बसलो. पौषात एका सकाळी मी मागून मिस्त्रींना हाक मारली. ते वळले नाहीत. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारायची माझी हिंमत झाली नाही.

शिमग्याच्या सुमारास इंजिन सुरू झालं. पत्रे थरथरले, छपरावरचे कावळे उडाले. मावशी कानांवर हात ठेवून रडत होत्या. मिस्त्री नुसते बघत उभे होते. मला फार वाईट वाटलं. सगळं फुकट गेलं, असंच वाटलं.

मग त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, टोक इंजिनाला टेकवलं, थरथर जबड्यात उतरावी म्हणून लाकडी मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच वाकून राहिले. नंतर माझा खांदा पकडून, बहिरी माणसं ओरडतात तसे ओरडले, “तिसरा सिलिंडर चुकतोया, राव!”

खरंच चुकत होता. माझे दोन्ही कान शाबूत, तरी मला कळलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं आणि पान्हा शोधायला लागलो.