काकांचा फोन दानात गेला

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. उद्यावर टाकलं तर राग निवेल आणि मी समजूतदारपणे लिहायला लागेन, ते नकोय मला. टायपिंगच्या चुका सोडून द्या.

आम्ही उत्तरेत, रामघाटावर राहतो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. बाबा पौरोहित्य करतात आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे काका, वेदपाठशाळेत शिकवायचे. लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायचे. मागच्या वर्षी त्यांना दम लागायला लागला, शिकवणं सुटलं, तेव्हा मीच मागे लागले की काका, तुम्ही म्हणा, मी रेकॉर्ड करते. मुलींना ते शिकवायचे नाहीत. फोन धरायला मात्र मुलगी चालली. हे मी त्यांना तोंडावर म्हटलंय. ते हसले होते, म्हणजे हसता हसता खोकले.

रोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास. त्यांच्याच जुन्या फोनवर, कारण कुठे स्वर चुकला तर स्वतः ऐकून पकडायचा होता त्यांना. मधेच खोकला, मधेच "अगं, चहा टाक", मधेच खिडकीतल्या माकडाला हाड हाड. मी म्हणायचे, हे सगळं नंतर कापू. नंतर नंतर करत एक फाईलसुद्धा माझ्याकडे कॉपी केली नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

काका गेले. आमच्यात शय्यादान करतात. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर जे लागेल ते सगळं महापात्राला द्यायचं. महापात्र म्हणजे मेलेल्याच्या नावाचं दान घेणारा ब्राह्मण. गादी, उशी, छत्री, चपला, तांब्या. आत्या म्हणाली, दादाचा फोनही द्या, त्याशिवाय त्याचा दिवस जात नव्हता. कुणी हसलं नाही. मी तर उठून वरच्या खोलीतून चार्जर आणला. मीच! सगळे तोच उचलून न्यायचे म्हणून त्याच्या वायरीला मी लाल दोरा बांधला होता, तो तसाच होता. आणि फोन देण्याआधी त्यातलं मेमरी कार्ड हळूच काढून घेतलं. रेकॉर्डिंग कार्डातच असणार असं वाटलं. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

चार दिवसांनी कार्ड लावून बघितलं. सुप्रभातचे फोटो. फुलं, गणपती, वाफाळता कप. आवाज एकही नाही. सगळं फोनच्याच पोटात सेव्ह होत होतं.

बाबांना म्हटलं, महापात्राकडे जाऊ, कॉपी करू, फोन तिथेच ठेवून येऊ. बाबा संध्येच्या तयारीत होते. म्हणाले, "दिलेलं मागायचं नसतं. दोष काकांना लागतो." मी म्हटलं मागत कुठे आहे, बघतेय फक्त. तर म्हणे, लोक मला विचारून दान करतात आणि माझ्याच घरची मुलगी दारात हात पसरून उभी राहणार. विषय बंद. मीही आठ दिवस गप्प बसले. बाबांपेक्षा त्या आठ दिवसांचा मला जास्त राग येतो.

मग गेलेच, न सांगता. महापात्र चिडले वगैरे नाहीत. उलट म्हणाले, आजकल सब लोग फोन देते हैं बिटिया, हम कितने फोन चलाएंगे. वरुणा नदीपलीकडचा एक कबाडी, म्हणजे भंगारवाला, येऊन पोत्याने घेऊन जातो. त्यांनी त्याचा पत्ता दिला.

ऑटो करून तशीच गेले. पत्र्याची शेड, आणि जळक्या प्लास्टिकचा वास, घशात बसणारा. कबाडी उकिडवा बसून फोन उघडत होता. बॅटरी एका टोपलीत, काच दुसरीत, आतली हिरवी पट्टी तिसरीत. मागे तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या बादल्या. पट्ट्या त्यात टाकायच्या, सोनं सुटतं, खाली बसतं, मग फडक्यातून गाळायचं. मी काकांच्या फोनचं सांगितलं, कुणाकडून आला तेही सांगितलं. त्याने मान हलवली.

"वो माल तो गल गया दीदी. परसों."

मी म्हटलं त्यात आवाज होता, आमच्या काकांचा. त्याने एका पट्टीवरचा नखाएवढा काळा चौकोन दाखवला. "आवाज इसी में रहता है. पुराना बिकता नहीं, ये भी साथ में जाता है." आणि मला पाणी विचारलं. त्याच्या बोटांची कातडी पांढरी पडून सोलली होती. त्याच्यावर ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

तो फडक्यावरचा गाळ हलवत होता आणि मला शिंदे घाटाच्या बाजूचं स्मशान दिसायला लागलं. तिथे पाण्यात उभे राहून लोक चितेची राख चाळतात, मेलेल्याच्या तोंडात ठेवलेला सोन्याचा कण मिळतो का बघायला. काकांच्या तोंडातही बाबांनी ठेवला होता. म्हणजे काकांचं सोनं दोनदा चाळून झालं.

आतलं तांबं काढायला जाळायच्या वायरींचा ढीग होता कोपऱ्यात. त्यात लाल दोरा दिसला. कबाडी म्हणाला, ले जाइए.

घरी आल्यावर चार्जर बाबांच्या समोर ठेवला. त्यांनी विचारलं, फोन? मी म्हटलं, गाळला. परवाच. ते दोऱ्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "मधेमधे चहा मागायचा ना तो? मी आतल्या खोलीतून ऐकायचो."

मग अडवलंत कशाला, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात तेच उठले आणि म्हणाले, "हा परत देऊन ये उद्या. हाही दानातलाच."

मी दिलेला नाही. देणारही नाही. माझ्या टेबलावर पडलाय, माझ्या फोनला त्याची पिन बसतसुद्धा नाही.

तुमच्याकडे झालंय का हो असं? घरातल्या कुणाचा आवाज तुम्ही स्वतःच्या हाताने, वर चार्जर जोडून, देऊन टाकलाय का?