अर्धलीचं कुत्रं

मला कुणी 'आता या वयात' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मग ते कशाहीबद्दल असो. या वयात इतकं तिखट, या वयात एकटीनं बसनं सोलापूर, या वयात नवा फोन. गेल्या वर्षी या यादीत कुत्र्याची भर पडली, आणि गंमत अशी की कुत्र्याबद्दल ते शब्द पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघाले होते.

आमचं जुनं कुत्रं चैत्रात गेलं. चौदा वर्षं होतं. एका बाजाराच्या दिवशी ते यजमानांच्या मागोमाग घरी आलं, आणि यजमान गेल्यावर नऊ वर्षं माझ्या मागोमाग फिरलं. त्याला नाव कधी ठेवलंच नाही. 'ये' म्हटलं की यायचं, आणि कन्नडात 'बा' म्हटलं की जरा लवकर यायचं. त्याचं लहानपण कन्नड बोलणाऱ्या कुणाच्या तरी दारात गेलं असणार, असा माझा अंदाज होता. कुणाचं दार, ते बाजाराच्या गावी, मन्नाएखेळ्ळीत, चार गल्ल्या विचारूनही मला कळलं नाही. शेवटचे आठ दिवस मी त्याला बोटानं पाणी पाजलं. रानात बोरीखाली पुरलं आणि पुण्याला मुलीला फोन करून सांगितलं, "आता पुन्हा नाही. या वयात नाही."

"बरोबर आहे आई," ती म्हणाली. फार लवकर म्हणाली. थोडं तरी थांबायला हवं होतं तिनं.

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. एखादा प्रश्न डोक्यात शिरला की त्याचं उत्तर मिळेपर्यंत मला भाकरी गोड लागत नाही. मी वहीत मांडून बघितलं. मी एकोणसत्तरची. आज पिल्लू आणलं आणि ते आधीच्याएवढं जगलं, तर तेव्हा मी त्र्याऐंशीची. माझे वडील सदुसष्टाव्या वर्षी गेले, आई एक्याऐंशीला, मावशी नव्वदी ओलांडून अजून सुनांना शिव्या घालते आहे. सरासरी काढली. पण उत्तर दर वेळी निराळं यायचं, कारण पिल्लू हवंसं वाटलं की मी मावशीला धरायची आणि पाठ दुखली की सोडायची.

असं चालू असताना येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्याकडची गावं रिकामी होतात. सगळे रानात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा करायची, भज्जी, उंडे, आंबील खायची आणि आसपास जो दिसेल त्याला हाक मारून जेवू घालायचं. दर वर्षी जुनं कुत्रं माझ्या पुढं वाटेनं जायचं आणि मागं वळून बघत थांबायचं. त्या वर्षी मी शेजारणीच्या ट्रॅक्टरमध्ये बसून गेले आणि रस्ताभर कुणाशी बोलले नाही.

ही शेजारीण पन्नाशीची. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. माझं तीन एकर रान तिचाच नवरा करतो. पोरं हैदराबादला. घरी ती, नवरा आणि सहा शेळ्या. मी तिच्या पोरांना शिकवलं म्हणून ती मला 'बाई' म्हणते, आणि त्या एका शब्दापलीकडे माझा काही मान ठेवत नाही.

त्या वर्षी तिनं पडीक ठेवलेल्या पट्टीत धनगराची मेंढरं बसली होती. येळवशीला धनगराला उपाशी ठेवून कसं चालेल, म्हणून ताट घेऊन मी गेले. बाभळीखाली कुत्री व्यालेली होती. चार पिल्लं. तीन पिल्लं आईला लुचत होती. चौथं, एक पाय पांढरा असलेलं, त्यांना पाठ करून बसलं होतं आणि लांबच्या हायवेवरचे ट्रक बघत होतं. एक ट्रक गेला की मान उजवीकडे, पुन्हा डावीकडे. भूक लागलेली असताना कुणी ट्रक बघत बसतं का? मला त्याचं फार नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. लेंडीखत किती पडलंय ते बघायला, असं मीच माझं कारण ठरवलं. तिसऱ्या दिवशी कारणही ठरवलं नाही. आठ दिवस गेले. वहीत लिहू लागले: डावा कान पडका. आवाजाकडे आधी कान जातो, मग मान. भाकरी खाण्याआधी पायानं उलटून खालची बाजू बघतं. हे शेवटचं वाचून मला वाटलं, हे माझ्याच वर्गातलं आहे.

नवव्या दिवशी मी धनगराला म्हटलं, "हे पांढऱ्या पायाचं मला द्या."

तो माझ्याच वयाचा, कदाचित थोडा पुढचाच. मराठी कन्नडाच्या अंगानं बोलायचा. त्यानं पिल्लू उचललं, मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "अक्का, तुमच्या मागं ह्याला भाकरी कोन घालनार?"

"माझ्या मागं म्हणजे?" मी म्हटलं. मला न कळायला काय झालं होतं!

"मी कुत्रं मानसाला देत न्हाई. चुलीला देतो. तुमच्या चुलीवर मानसं किती?"

"एक."

त्यानं पिल्लू खाली ठेवलं. उद्धटपणा काही नव्हता त्यात. कडगंचीकडच्या एका म्हाताऱ्याला त्यानं असंच एक पिल्लू दिलं होतं, ते सांगू लागला. दोन वर्षांनी मेंढरं घेऊन त्याच वाटेनं गेला तर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी एक हडकलेलं कुत्रं उठलं आणि कळपामागं चालू लागलं. "मी वळकलं न्हाई त्याला," तो म्हणाला. "त्यानं मला वळकलं."

"आणि तुमच्या मागं कोण?" मी चिडून विचारलं.

त्यानं काठीनं मेंढरांकडे, दोन पोरांकडे, सुनेच्या चुलीकडे दाखवलं. घरी येईपर्यंत माझा संताप संताप झाला. जन्मात कुणी मला नापास केलं नव्हतं, आणि एका पिल्लाच्या परीक्षेत मी एका प्रश्नात गारद झाले. पण रात्रीची भाकरी थापताना राग उतरला आणि पुन्हा प्रश्न उरला, कारण प्रश्न खरा होता. ते हडकलेलं कुत्रं टपरीपाशी कुणाची वाट बघत बसलं असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना. मला पिल्लू हवं होतं, ते आता मी स्वतःपाशी कबूल केलं. आणि माझ्या मागं ते टपरीपाशी बसायला नको होतं.

मुलीला फोन केला. "माझ्या मागं तू नेशील का?" ती म्हणाली, "आई, तिसरा मजला आहे गं. आणि असं काही बोलत जाऊ नकोस." मी फोन ठेवला. तिचा दोष नाही, तिसरा मजला काही तिनं बांधलेला नाही.

उत्तर सापडलं ते भिंतीपाशी. सकाळी शेजारीण शेळ्यांना पाला टाकत कुरकुरत होती. सहांपैकी दोन शेळ्या तिच्या नव्हत्याच. निंबर्ग्याच्या तिच्या भावाच्या होत्या, अर्धलीनं आणलेल्या. आमच्याकडे ही जुनी रीत आहे: जनावर एकाचं, राखण दुसऱ्याची, आणि पुढं जी करडं होतील ती निम्मी निम्मी. दोन दावणींचं जनावर. एकीवर अडचण आली तर दुसरी असतेच. माझ्या आईच्याही शेळ्या अर्धलीनं असायच्या. मी हातातला झाडू टाकला, आत जाऊन वहीत अटी काढल्या आणि भिंतीपाशी परत आले.

"मी कुत्रं आणायलेय. तू अर्धलीनं घेतीस का?"

"कुत्रं? अर्धलीनं?" तिनं पाला खाली ठेवला. "कामून?"

मी वहीतल्या अटी वाचून दाखवल्या. सकाळची भाकरी माझी, संध्याकाळची तिची. भिंतीत एक भगदाड पाडायचं, येण्याजाण्याला. आजारी पडलं तर औषध दोघींनी मिळून बघायचं. नाव ठेवायचा हक्क माझा. आणि पुढं पिल्लं होतील ती निम्मी तिची, निम्मी माझी, एक जास्तीचं उरलं तर वर्षाआड.

"कोनतं पिल्लू म्हनायलाव? ते पांढऱ्या पायाचं?"

"तेच."

ती हसत हसत उंबऱ्यावर बसली. पदर तोंडात घातला तरी हसू थांबेना. "बाई, तीस वरीस पोरास्नी शिकविलाव तुमी! त्यो नर हाय की! पिल्लं कुठली वाटायलाव?"

मी वहीची मागची पानं उलटली. आठ दिवसांच्या नोंदी. पडका कान होता, पांढरा पाय होता, भाकरी उलटून बघणं होतं. नर की मादी, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. सातवीच्या पोरानं अशी वही आणली असती तर मी ती फेकून दिली असती. अर्धली म्हटल्यावर डोक्यात करडंच येतात, त्याला माझा इलाज नव्हता. मीही हसायला लागले, आणि तिच्या शेळ्या आम्हा दोघींकडे बघत राहिल्या.

हसू ओसरल्यावर मी वहीत न लिहिलेली अट सांगितली. तिच्याकडे न बघता, शेळ्यांकडे बघत सांगितली. "आणि माझ्या मागं ते सगळंच तुझं."

"व्हय," ती म्हणाली, आणि पाला उचलून आत गेली. बस, एवढंच. मला हायसं वाटलं. गणित सुटलं होतं.

धनगर दुसऱ्या सकाळी निघणार होता. आम्ही दोघी दोन घरच्या दोन भाकरी घेऊन गेलो. पिल्लू नेणाऱ्या घरची भाकरी आधी त्याच्या आईला घालायची, अशी त्याची पद्धत होती. घोडीवर बिऱ्हाड लादून झालं होतं. कुत्रीनं माझी भाकरी खाल्ली, मग शेजारणीची हुंगून तीही खाल्ली. पांढऱ्या पायाचं पिल्लू घोडीच्या खुराचं निरीक्षण करत होतं.

"अर्धलीनं नेतोय आम्ही," मी जरा तोऱ्यात सांगितलं. "दोन चुली."

म्हाताऱ्यानं हे कधी ऐकलं नसावं. तो शेजारणीकडे वळला. "ह्या अक्काच्या मागं?"

"मी हाय की," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि पिल्लू उचललं. झालं, असं मला वाटलं. तेवढ्यात तिनं माझ्या दंडाला धरलं.

"आन् बाई, मी आदी गेले तर?"

मला प्रश्नच कळला नाही. "तू कुठं जायलीस?"

"न्हाई म्हनलं. गेल्या साली कलबुर्गीला फाडलं की मला. डागदर म्हनला, आता बरं हाय, पन ध्यान ठिवा." ती पिल्लाकडेच बघत होती. "माज्या मालकाला ताटातली सोताची भाकरी दिसत न्हाई, ह्याची कुठून दिसावी? म्या गेले तर तुमी बघताल का ह्याला? आन् शेळ्याला?"

गेल्या साली ती दवाखान्यात होती तेव्हा पंधरा दिवस त्या शेळ्यांना पाला मीच टाकला होता. तिच्या टाक्यांवरची पट्टी मी बघितली होती. तरी माझ्या एकाही बेरजेत ती जाणारी नव्हती. वडील, आई, मावशी, मी, सगळे धरून झाले, आणि हिला मी न विचारता कायमची उरणारी धरलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. आणि त्याच वेळी आतून फार भरून आलं. मुलगी मला जाणारी धरते. या म्हाताऱ्यानं बघता क्षणी धरली. मीही तेच धरून वही भरली. यजमान गेल्यापासून मला मागं उरणारी असं कुणी धरलंच नव्हतं. ही बाई धरत होती, आणि उत्तरासाठी माझा दंड सोडत नव्हती.

म्हातारा पिल्लू घेऊन उभा होता. मेंढरं पुढं निघाली होती.

"बघीन," मी म्हटलं.

"शेळ्याला बी?"

"शेळ्यांना बी बघीन. तुझ्या मालकाला बी बघीन. सोड आता हात."

तिनं हात सोडला. म्हाताऱ्यानं पिल्लू माझ्या ओटीत टाकलं.