पाडव्याच्या दिवशी मोजलेलं घर

गणोजी,

माझ्या दारावरून जाताना हल्ली तुम्ही सायकलची घंटीसुद्धा वाजवत नाही. मान खाली घालून निघून जाता, म्हणून ही चिठ्ठी. मान खाली घालण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही. मूर्खपणा केलात, ते वेगळं. पाडवा तोंडावर आलाय. गंधवानीच्या बाजाराला जाल तेव्हा दरवर्षीसारखा माझ्या गुढीचा बांबू आणा. यंदा लांब आणा, तुमच्या नेहमीच्या बांबूएवढा. माझं घर अजून कुणी मोजलेलं नाही.

– अक्का

वैभवीने चिठ्ठी बापाला वाचून दाखवली. पोरगी हिंदी शाळेत शिकलेली, मराठी वाचताना ठेचकाळते. ‘मूर्खपणा’वर मात्र अजिबात अडखळली नाही.

“परत वाचू, बाबा?”

“नको. एकदा पुरे.” गणोजींनी मशीनला पाय लावला.

धारच्या हवाईपट्टीला लागून त्यांची वस्ती. शाळांचे गणवेश शिवायचे, उरलेले कपडे आठवडी बाजारांत नेऊन विकायचे, हा त्यांचा धंदा. दोन्ही मशीनं आणि कापायचं टेबल वरच्या खोलीत, कारण उजेड तिथेच. घर चालायचं ते त्या खोलीवर.

त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले ते निशाण धरून. पुढे घोडे गेले, फौज गेली, निशाणही गेलं. राहिली एवढीच खोड, की वस्तीतली सगळ्यांत उंच गुढी आपली. बाकीच्यांच्या गुढ्या खिडकीतून वाकून रस्ता बघत. गणोजींची गच्चीवरून आभाळाला भिडे.

तशात पट्टी लांब करायचं ठरलं. इंदूरला विमानांची गर्दी झाली, तेव्हा छोटी विमानं इकडे उतरवायची, असं म्हणत होते. शिकाऊ विमानं तर आधीपासूनच सकाळी उठल्यापासून डोक्यावर घिरट्या घालत, नवशिक्याने मैदानाला मोटारीच्या चकरा माराव्यात तशी. थरथरतंय ते मशीन की विमान, हे पायाला विचारावं लागे. मग पट्टीच्या तोंडाशी असलेले कडुलिंब छाटले. मग घरांची उंची मोजायला माणसं आली, आणि आली तीही नेमकी गेल्या पाडव्याला.

तीन पायांचं यंत्र लावून अर्पित नावाचा एक तरुण खालून ओरडला, “काका, पाच मिनट! वो ऊपर वाला हिले नहीं!”

गुढी जराशी तिरकी बांधतात, वाऱ्यावर डुलते. दुसरा कुणी म्हणाला असता, बाबा रे, ही घराची नाही, सणाची काठी आहे, संध्याकाळी उतरेल. पण निशाणवाल्यांच्या घरचे ना! सरकार आपल्या गुढीची उंची मोजायला आलंय, या आनंदात गणोजींनी दोरी सोडली, बांबू ओळंब्यात धरावा तसा सरळ उभा केला आणि दोन्ही हातांनी कवटाळून उभे राहिले.

“नापो भिया, आराम से नापो!”

वर अर्पितला बसवून कडुलिंबाची गोळी आणि श्रीखंड-पुरी खाऊ घातली. पोरगं जेवून, पाया पडून गेलं.

पावसाळ्यात नोटीस आली. मकानाची उंची गुढीच्या टोकापर्यंत धरलेली. मकान विमानांच्या वाटेत येतं, वरचं बांधकाम पाडा.

कचेरीत गल्लीतल्या अक्का बरोबर गेल्या. आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवलेल्या बाई, त्यांना बाकावर बसून वाट बघणं जमत नाही.

“साहेब, ती गुढी होती,” गणोजी म्हणाले. “पाडव्याची. हमारे त्योहार की.”

“तो हटाई कब?” बाबूने विचारलं.

“उसी दिन. सूरज ढलने से पहले.”

“फोटो दिखाइए, हटाने का.”

वैभवीच्या मोबाइलमध्ये फोटो ढीगभर होते. गुढीला हळदकुंकू लावताना, गुढीपाशी शेजारणी, गुढीखाली पुरी खाणारा अर्पितसुद्धा. सगळ्यांत गुढी उभीच. उतरतानाचा एक नाही. गुढी उतरवताना फोटो काढतं कोण?

“अरे, तो आकर देख लो!” अक्का कडाडल्या. “मकान वहीं खड़ा है, भाग नहीं गया.”

“मैडम, दोबारा नापने का नियम नहीं है.”

“आणि तो मोबाइलचा टॉवर? वो तो इनके घर से ऊँचा है!”

“उस पर लाल बत्ती लगी है.”

“तो गुढी पे भी लगा दो लाल बत्ती!”

बाबू हसला. गणोजी हसले नाहीत.

मग कितीतरी खेपा झाल्या. शेवटी बाबूनेच वाट काढून दिली. या घरावर यापुढे काठी, निशाण, काहीही उंच उभारणार नाही, असं शपथेवर लिहून द्या, खोली राहील.

“सही करायची नाही,” अक्कांनी बजावलं. “मी वर लिहिते.”

त्यांनी लिहिलं. पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. इकडे गणवेशाचा हंगाम तोंडावर आला आणि पाडणारे भिंतीवर लाल खूण करून गेले. गणोजी एकटेच कचेरीत गेले आणि सही करून आले. अक्कांना ते बाबूकडून कळलं. तेव्हापासून सायकलची घंटी बंद.

चिठ्ठीनंतर गणोजी गंधवानीला गेले. बांबूवाल्याने त्यांचा बांबू वेगळा काढून ठेवला होता, लांब, सरळ, एक गाठ वाकडी नाही. गणोजींनी त्यावरून हात फिरवला. अक्कांच्या घराला बंदी नव्हती. पण अक्कांच्या गच्चीवर एवढा बांबू उभा राहिला, की उद्या ते तीन पायांचं यंत्र त्यांच्या दारात. शिवाय हा बांबू बाजाराच्या भाड्याच्या जीपवर बांधून गल्लीत आणायचा, आणि जो तो विचारणार, “का गणोजी, यंदा केवढी?”

बांबूवाल्याला त्यांनी उरलेल्या कपड्यांचे गठ्ठे तेवढे जीपवर चढवायला लावले.

पाडव्याला सकाळी ते अक्कांच्या दारावरून निघाले. दारात पाट मांडलेला, त्यावर कोरं खणाचं कापड, तांब्या, कडुलिंबाची डहाळी, साखरेची गाठी. अक्का उंबऱ्यात बसून गल्लीच्या तोंडाकडे बघत होत्या. डोक्यावरून विमान घरघरत गेलं.

गणोजींनी घंटी वाजवली, मात्र थांबले नाहीत. थांबून सांगणार काय? बांबू आणलेला नव्हता.