खराब हे का असंच हे?

लिंबाजीमामांचा उजवा अंगठा कधी गप बसला न्हाई. कुठंबी असू द्या, हवेतलं एक बटन धरल्यासारखं करायचे आन डावीकडं फिरवायचे. लग्नात भोंगा कर्कश वाजायला लागला की अंगठा डावीकडं. मालनमामी जरा मोठ्यानं बोलल्या की अंगठा डावीकडं. एकदा स्टेशनवर इंजिननं अगदी जवळून शिट्टी मारली, तर या माणसानं खिशात हात घातला. मी खिसा हालताना बघितला.

टेपला ट्रेबलचं एक बटन असतं. ते डावीकडं फिरवलं की आवाजाची धार मरती, खरखर दबती. मामांनी उभा जन्म ते बटन डावीकडं फिरवलं. परतूरला स्टेशन रोडवर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. पाटीवर मोठ्या अक्षरात ‘रेडिओ-टेप दुरुस्ती व रेकॉर्डिंग’, आन त्याखाली बारीक अक्षरात ‘खरखर काढून मिळेल’. बाकी पाटीचा रंग उडाला तरी ही खालची ओळ ते दरसाल जयंतीच्या आधी नव्यानं रंगवायचे. “आवाज कसा पाह्यजे,” ते म्हणायचे, “धुतलेल्या तांदळावानी. खडा लागला न्हाई पाह्यजे कानाला.”

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेल्तो ते नकला रेकॉर्ड करायला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला दोनदा बसलो होतो आन दोन्ही टायमाला तिथंच राह्यलो होतो. पण गॅदरिंगला प्राचार्यापासून बोकडापर्यंत समद्यांच्या नकला करायचो. कुणीतरी डोक्यात घातलं की कॅसेट काढ, आठवडी बाजारात खपल. मामांनी भिंतीला चादर बांधली, माईकपुढं मला बसवलं. मी शहागडची यष्टी काढली. चिखलात फसलेली, गिअर पडंना, खिडक्या खडखडून राह्यल्या, कंडक्टर शिव्या देऊन राह्यला. मामांनी हात वर केला.

“नाम्या, एवढी खरखर कशाला? जरा कमी कर.”

मी म्हणलं, “मामा, तुम्ही शहागडच्या यष्टीत बसलात का कधी?”

हसले. पण बटन फिरवायचं ते फिरवलंच. कॅसेटमधी माझी यष्टी अशी चालली जशी आजच शोरूममधून निघाली. ती कॅसेट खपली न्हाई, त्याचं एक कारण हे असंल. दुसरं कारण मी.

रेकॉर्डिंग झाल्यावर उठलो तर म्हणले, “बस. एक गोष्ट ऐकून जा.”

कपाटातून स्टीलचा डबा काढला. डब्यात रुमाल, रुमालात कॅसेट. तिचे मागचे दोन्ही कान मोडलेले. कॅसेटचे ते प्लास्टिकचे कान मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत न्हाई. मामांनी दुसरी बाजू लावली. पहिली न्हाई. ती का न्हाई ते मला मंग कळलं.

काय होतं त्या टेपमधी? घूंऽऽ. गाणं म्हणावं तर गाणं न्हाई. पंचवीस-तीस भुंगे एका पत्र्याच्या डब्यात कोंडल्यात, आन डबा सावकाश कुणीतरी फिरवून राह्यलंय. त्याच्या लई आत, लई खाली एक बाई गात होती. कोणच्या भाषेत ते कळंना. ढोल होता, पण दोन गल्ल्या सोडून. वीस-बावीस मिनिटं हेच. मामा समोर वही उघडून बसलेले, अंगठा मांडीवर. टेप संपली तसं त्यांनी पेन उघडला.

“काय वाटलं? खराब हे का असंच हे?”

मी काय गंभीर बसणारा माणूस? म्हणलं, “मामा, पिठाची गिरणी हे. तिच्यात एक बाई पडलीय आन कुणी बंद करंना.”

मामांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. खाली माझं नाव. मी वहीत डोकावलो तर पानंच्या पानं भरलेली. दुकानात रेडिओ घेऊन आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ती बाजू ऐकवली होती. जिनिंगवरच्या फिटरनं लिहिलं होतं, “बेअरिंग गेलंय. ग्रीस मारा.” न्हाव्यानं, “बाई चांगली गाती, पण शेजारच्या घरात.” रिटायर झालेल्या रेल्वेच्या गार्डनं, “गाडी पुलावर हे आन पूल संपंना.” मराठीच्या गुरुजींनी, “यमक आढळले नाही.” आन भाजी विकणाऱ्या शेवंताबाईच्या नावानं मामांनीच लिहिलेलं, “ताप उतरल्यावर झोप येती ना, तशी येती.” त्या एका ओळीखाली रेघ ओढली होती.

बहुतेकांनी ‘खराब’च म्हणलं होतं.

मला तर खजिना सापडला. बाबूमियाँच्या हॉटेलात मी त्या वहीचा कार्यक्रमच बसवला. आधी तोंडानं टेपचा आवाज काढायचो, घूंऽऽ, मंग फिटर, न्हावी, गार्ड, गुरुजी एकामागून एक, आन शेवटी मामा, मांडीवर अंगठा फिरवत. “खराब हे का असंच हे?” या वाक्याला कपातला चहा सांडायचा लोकांचा. महिनाभर चाललं. एक दिवस असाच रंगात आल्तो, तर समोरचे लोक हसता हसता थांबले. वळून बघितलं तर मागं मामा उभे.

मला वाटलं आता देतात एक ठेवून. मामा जवळ आले. मंग म्हणले, “नाम्या, तो आवाज तू नाकातून काढून राह्यला. तिथं न्हाई तो. खालून काढ. पोटातून.”

चहा न घेता गेले.

बाबूमियाँनी माझ्यापुढचा कप उचलला. माणूस कधी आवाज चढवायचा न्हाई. म्हणाला, “हसाताय तू सबको. वो टेप उनके बच्चे का है, मालूम है क्या?” आन मंग त्यानं जे सांगितलं ते मी तिथंच, बाकड्यावर बसून ऐकलं.

मामांना एकच पोरगा, सिद्धार्थ. औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता. पहिल्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यानं ही टेप आणली, होस्टेलच्या कुण्या मित्राकडून भरून घेतलेली. दिवसभर लावायचा, मान खाली घालून ऐकायचा. मामांनी ऐकली आन त्यांचा जीव कासावीस झाला. लेकाच्या टेपमधी एवढी खरखर, आन बाप कोण? तर पाटीवर ‘खरखर काढून मिळेल’ लिहिणारा. पोराला काही न सांगता मामांनी दोन दिवस खपून ती टेप साफ केली. धार मारली, घूंघूं दाबली, बाईचा आवाज जमंल तेवढा वर आणला. नव्या कोऱ्या कॅसेटवर भरून, जुन्याच कव्हरात घालून पोराच्या बॅगेत ठेवली. लेकाला भेट. जुनी कॅसेट दुकानात पुन्हा वापरायच्या खोक्यात टाकली.

आठ दिवसांत पोरगा परत आला. दुकानातच उभा राह्यला. म्हणाला, “पप्पा, हे काय केलं?”

“साफ केलं,” मामा म्हणले.

“त्यात जे होतं तेच काढलं तुम्ही.”

मामांनाबी राग आला. दोन दिवसाची मेहनत. म्हणले, खराब होती ती, असलं ऐकून कान जातील, आन जुनीवर तर मी कवाच जयंतीची गाणी भरली. पोरगा जेवला न्हाई. उभ्या उभ्या गाडीला गेला. त्या हिवाळ्यात होस्टेलात काविळीची साथ आली. घरी आणल्यावर आठवडाभरच जगला. टेपचा विषय दोघांनीबी काढला न्हाई.

वर्षानं खोकं उपसताना मामांना ती कॅसेट सापडली. एका बाजूवर जयंतीची गाणी होती, खरंच. दुसरी बाजू तशीच होती. मामांनी तिथंच तिचे कान मोडले आन वही आणली.

आता कळलं ते काय विचारत होते. टेप खराब असंल, तर बापानं केलं ते बराबर केलं, पोरगा उगाच रुसून गेला. आन टेप असंच असंल, तर मंग. बाबूमियाँ कप विसळायला गेला.

मी त्यानंतर हॉटेलात तो कार्यक्रम केला न्हाई. मामांकडं जायला लागलो. माफी मागायची जमली न्हाई, नकला करणाऱ्याला स्वतःच्या आवाजात बोलायचं म्हणलं की घसा बसतो. नुसता जाऊन ती बाजू ऐकत बसायचो. मामा म्हणायचे, “कानाला घाई नको, नाम्या. कान काही यष्टी न्हाई.”

पुढं औरंगाबादला एका ऑर्केस्ट्रात लागलो, दोन गाण्यांच्या मधी नकला करायला. एकदा आमचं रेकॉर्डिंग होतं आन लाईट गेली. स्टुडिओत समदे बसून राह्यले. कुणी म्हणलं, नाम्या, काहीतरी कर. काय डोक्यात आलं, मी तो आवाज काढला. पोटातून. मशीनवर बसणारा चष्मेवाला पोरगा खुर्चीसकट फिरला.

“हे तू कुठं ऐकलं?”

लाईट आली तशी त्यानं बॅगेतून सीडी काढून लावली. तीच बाई. तेच भुंगे. नवी करकरीत सीडी, चांगली मशीन, आन घूंघूं तशीच. मी विचारलं, “खराब हे का असंच हे?” तो हसला. म्हणाला, मुद्दाम केलंय. गिटारीवर गिटारी चढवल्यात आन गाणारीला खाली पुरलंय. आपण कान लावून तिला शोधायचं. वाजवणारे मान खाली घालून नुसते पायाकडं बघत उभे राहतात म्हणे. तिकडं विलायतेतबी पहिल्यांदा लोकांनी नावं ठेवली, काहींनी कॅसेट बिघडलीय म्हणून दुकानात परत नेऊन दिली.

ते ऐकून मी सीडीवरची समदी गाणी कॅसेटच्या दोन्ही बाजूंवर भरून घेतली आन परतूरची गाडी धरली. गाडीत समदा वेळ एकच विचार. सांगू का नको? न सांगितलं तर मामा म्हातारपणापर्यंत वही भरत राहणार. सांगितलं तर ती वही मीच बंद करणार.

सांगितलं. मामा ऐकत राह्यले. पायाकडं बघून वाजवतात म्हणलं तेव्हा म्हणले, “सिधूबी तसाच ऐकायचा. मी म्हणायचो, मान वर कर, चोरी केली का?”

मी घाईघाईनं म्हणलं, “पण मामा, तिकडच्या लोकांनीबी परत नेऊन दिली. भल्याभल्यांना खराबच वाटली.”

“त्यांच्या पोराची नव्हती ती,” मामा म्हणले.

मंग त्यांनी वही घेतली. इतक्या वर्षांत त्या वहीत त्यांनी स्वतःचं मत कधी लिहिलं नव्हतं. शेवटच्या पानावर लिहिलं, ‘असंच हे.’ खाली सही केली, लिंबाजी साळवे. मी आणलेली कॅसेट हातात घेतली, जुनीवरनं पुसली गेलेली ती पहिली बाजू वर करून बघितली, आन मला परत दिली.

“ही बाजू तुझ्यापाशी असू दे. मी ऐकायच्या लायकीचा न्हाई अजून.”

मी पुन्हा कधी म्हणलं न्हाई की ऐका. त्यांनीबी कधी मागितली न्हाई. त्या साली जयंतीच्या आधी पाटीवरची खालची ओळ मात्र रंगवली न्हाई. पुढं सीडी आल्या, मोबाईल आले, कॅसेट कुणी भरंना. दुकान दुपारपर्यंत उघडायचं, मंग तेवढंबी न्हाई.

शेवटी मामा जालन्याला दवाखान्यात होते. डावं अंग गेल्तं, बोलणं बोबडं झाल्तं. मी भेटायच्या टायमाला गेलो. वॉर्ड भरलेला, कुणी संत्री सोलून राह्यलं, कुणी डॉक्टरची वाट बघून राह्यलं. मालनमामी उशाशी. मामांनी मला ओळखलं. ओठ हालवले. मला कळंना. मामींनी कान लावला आन म्हणल्या, “ते कर म्हणून राह्यलेत. टेपचं.”

“इथं?”

“पहिली बाजू कर, म्हणत्यात.”

मी खाटेच्या कडंला बसलो. पहिली बाजू माझ्याकडं होती, मी ती इतक्यांदा ऐकली होती की आतून बाहेरून पाठ होती. डोळे मिटले आन सुरू केलं. खालून, पोटातून. घूंऽऽ. शेजारच्या खाटंवरचा म्हातारा उठून बसला, मामींना म्हणाला, “याला काय झालंय?” सिस्टर दारातून बघून गेली. मी थांबलो न्हाई. भुंगे काढले, दोन गल्ल्या सोडून वाजणारा ढोल काढला, त्या बाईचा आवाज जमंल तसा खाली ठेवला, दबलेला. मधीच दम लागला, डोळे उघडले.

उशीला टेकून बसवलेल्या मामांची मान खाली होती. उजवा हात चादरीवर. अंगठा हालून राह्यला होता, सावकाश. मी आवाज न थांबवता त्याच्याकडं बघत राह्यलो. जन्मात पहिल्यांदा तो उजवीकडं फिरून राह्यला होता.