अन्वरभाईंनी न भरलेले ढोल

अन्वरभाईंच्या दुकानात पाच मिनिटांचं काम घेऊन जायची सोय नव्हती. गाण्यांची यादी पुढे केली की ते ती चष्म्याजवळ नेत, एकेका नावावर बोट ठेवत आणि म्हणत, "बसा मास्तर. ऐकल्याशिवाय भरायची नाय." कॅसेट भरून देणारी आणखीही दुकानं रत्नागिरीत होती. पण आवाज अन्वरभाईंचाच स्वच्छ, म्हणून मुकाट्याने स्टुलावर बसावं लागे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी एका इंग्रजी शाळेत तात्पुरता शिक्षक होतो. दिवाळीनंतर कायम होणार की घरी बसणार, हे मुख्याध्यापिका बाईंच्या हातात होतं. बाई नुकत्याच मुंबईहून आलेल्या. त्यांनी हॅलोविनची पार्टी काढली. मुलांनी भुतं व्हायचं, पालकांनी बघायचं आणि भीतिदायक संगीत मी आणायचं. "सगळ्या प्रकारचं हवं हं सर, नुसतं इंग्रजी नको." कोकणात भुतं काय कमी आहेत म्हणून परदेशातून मागवायची, असं मनात आलं. तोंडाने "हो बाई" म्हणालो.

चार संध्याकाळी त्या स्टुलावर गेल्या. मी नेलेली चर्चच्या ऑर्गनची कॅसेट अन्वरभाईंनी अर्ध्या मिनिटात बंद केली. "ह्याला कोण भितो? वाजवणारा खूश हाय." ओसाड हवेलीतलं हिंदी सिनेमाचं गाणं लावलं, तर "गळा गोड हाय, पोरं नाचतील." सारंगी ठेवली, नाट्यपदाचा नुसता आलाप ठेवला, एका भजनातल्या फक्त चिपळ्या ठेवल्या. शेवटी हातात आलेल्या कॅसेटमध्ये दर तुकड्यानंतर अर्धा मिनिट काहीच नव्हतं. मी उखडलोच. "अहो, बाईंना वाटेल कॅसेट खराब आहे!"

"वाजत असताना कोण घाबरतो, मास्तर? थांबलं की घाबरतो. ऱ्हाऊ दे ती जागा."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गावच्या शिमग्यातली, पालखीच्या ढोलांची कॅसेट घेऊन गेलो. मोकळ्या जागी हे भरा, म्हटलं. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. रस्त्यावरून पालखी जायची तेव्हा हा माणूस दुकानातलं गाणं बंद करून दारात उभा राही. "तो देव हाय. भुताच्या पार्टीत नाय." मला इतका वैताग आला की घरी जाऊन शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरवर ढोल मीच भरले.

पार्टीत सारंगीपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग ढोल सुरू झाला. शाळेच्या आया सुमनमावशी, त्यांनी आधी चपला काढल्या आणि हात जोडले. मागच्या आज्या उठून उभ्या राहिल्या. एकीने नातवाचा सुळ्यांचा मुखवटा ओढून काढला. तोवर मावशींच्या अंगात आलं, त्या घुमायला लागल्या, आणि तोंडाला पीठ फासलेली भुतं भोकाड पसरून आईकडे पळाली. मी टेप बंद करेपर्यंत एक पालक ओरडले, "देवाचे ढोल असल्या थेरांत वाजवता?"

"कोणी भरलं हे?" बाईंनी विचारलं.

"दुकानातून भरून आणली कॅसेट," मी म्हणालो. बाई म्हणाल्या, उद्या बघते.

मी तसाच अन्वरभाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. "नाय म्हटलं होतं ना तुम्हाला?" एवढंच बोलून ते कॅसेटी पुसत बसले. मला वाटलं, संपलं. सकाळी मात्र ते इस्त्रीचा सदरा घालून बाईंच्या खोलीत उभे होते. "बाई, मास्तरांची चूक नाय. ढोल मीच भरले. मला कळलं नाय." मी दाराशी होतो. माझ्याकडे न बघता ते निघून गेले. मी तोंड उघडलं नाही.

दिवाळीनंतर मी कायम झालो. शाळेच्या कॅसेटी भरायचं काम त्यांच्याकडून गेलं, आणि त्या पालकांपैकी बरेच जण पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. आभार मानायला गेलो तर म्हणाले, "काय भरायचं हाय? नसेल तर गिऱ्हाइकाला बसू द्या."

तीन-चार वर्षांनी ते गेल्याचं स्टाफरूममध्ये कळलं. बाई खरोखर हळहळल्या. "माणूस सज्जन होता हो. पण त्यांना आपल्या देवाचं काय कळणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.