हवा खाणारं इंजिन

वडिलांचा डावा पाय लकव्याने गेला. वर्षभराने त्यांनी एक जुनी, परदेशी बनावटीची ऑटोमॅटिक गाडी घेतली. क्लच नाही, एकाच पायाचं काम. निवृत्त ओव्हरसिअर माणूस. दुसऱ्याच्या भरवशावर फिरणं त्यांना सोसत नव्हतं. आईला शेजारी बसवून ते जळगावहून माझ्याकडे धुळ्याला यायचे.

दिवाळीनंतर आले, तेव्हा अंगणात उभ्या गाडीचं इंजिन चालूच होतं. बॉनेटखालून फुस्स असा बारीक आवाज येत होता. इंजिन मध्येच मंदावायचं, बंद पडतंय असं वाटायचं आणि धाप लागल्यासारखं पुन्हा उचल खायचं. मी गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी एका रबरी नळीवर बोट दाबलं. फुसफुस थांबली, इंजिन शांत झालं. बोट काढलं, पुन्हा तेच.

"आबा, इंजिन बाहेरनी हवा खाई ऱ्हायनं. हाई नळी फाटेल शे," ते वडिलांना म्हणाले. मग मला समजावलं, की नळी फाटलेली आहे, आणि इंजिन जी हवा आत ओढतं त्या ओढीवरच ब्रेक हलका लागतो. ओढ गेली की ब्रेक दगड, दाबता दाबत नाही.

"नवी नळी येईपर्यंत गाडी इथंच ठेवा," मिस्त्री वडिलांना म्हणाले.

"टेप लावा. जळगावात बदलून घेईन," वडील म्हणाले.

मिस्त्रींनी टेप गुंडाळली. मी वडिलांना अडवलं नाही. ते मला अजून टोचतं.

महिन्याभराने मी जळगावला गेले. जामनेरला मावशीकडे लग्न होतं. सकाळी वडिलांनी गाडी सुरू केली आणि मी दचकले. उभ्या गाडीचं इंजिन घाटात असल्यासारखं गुरगुरत होतं.

"नळी बदलली?"

"मिळाली नाही. सारखी बंद पडत होती, म्हणून स्क्रू पिळून आयडल वाढवलं, उभ्या गाडीतही इंजिन जोरात फिरतं. आता बंद पडत नाही."

स्वतःच्या हाताने केलेल्या दुरुस्तीचा अभिमान होता त्यांच्या आवाजात. मी शेजारी बसले. पुढे आई फाटकाची कडी काढत होती, आमच्याकडे पाठ करून. कडी अडकली होती.

वडिलांनी ब्रेकवर पाय ठेवून दांडा पुढच्या गिअरला ओढला. धक्का बसला आणि ब्रेकवर पाय असूनही इंजिनाच्या वाढलेल्या जोराने गाडी चालू लागली.

"आबा, थांबवा!"

"ब्रेक लागत नाहीये," ते म्हणाले. ते सीटवरून अर्धे उठले होते, सगळा भार त्या एका पायावर. मी किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं, पण तोवर आईचा पाय बंपर आणि फाटकाच्या मध्ये सापडला होता.

ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "अहो, मागे घ्या ना."

नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, जुनी गाडी, भरवसा काय तिचा. तिसऱ्या दिवशी वडिलांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि नळीचं, टेपचं, स्क्रूचं, सगळं तिला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी त्यांच्या हातून चहा घेतला.

आता ती चालते, थोडी लंगडत. गाडी भंगारात गेली. वडील रिक्षाने फिरतात. रिक्षा सुरू होताना आई मात्र कधीच तिच्या पुढून जात नाही. कितीही घाई असली तरी मागून वळसा घालते, आणि वडील तोवर मान खाली घालून बसलेले असतात.